दादाची भाषा, माझं काम

अमरावतीला मी दुचाकींच्या एका शोरूममध्ये नोकरीला होते. गाडी विकली गेली की तिचा विमा, पासिंगचे कागद, नंबर येईपर्यंतचा पाठपुरावा, हे सगळं माझ्या टेबलावर. ही माझी तिसरी नोकरी. पहिली एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर, दुसरी कुरिअरच्या ऑफिसात. एमबीए केलं होतं, कारण बी.एस्सी. झाल्यावर माझ्या दोन मैत्रिणी एमबीएला गेल्या. बी.एस्सी. केलं, कारण बारावीला सायन्स होतं. सायन्स का घेतलं होतं ते आता आठवत नाही.

राहायला दादा-वहिनीकडे होते, राजापेठेच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांत. दादा फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. वहिनीलाही नाही. दोघं अमरावतीच्या एकाच निवासी शाळेत शिकले, तिथंच त्यांचं जमलं. आमचं गाव अकोल्याहून पातूरकडे जाताना लागतं. तिथं माय-बाबा फुलं पिकवतात, शेवंती, झेंडू, गलांडा, आणि पहाटेच्या गाडीनं अकोल्याच्या बाजारात पाठवतात. लहानपणी दादा सुट्टीत घरी आला की नव्या नव्या खुणा घेऊन यायचा आणि मी त्या उचलायचे. माय-बाबांना त्याच्याशी जेवण, पाणी, मळा, बाजार एवढंच जमायचं. बाकीचं इकडचं तिकडे मी सांगायचे.

त्यामुळे मला काही वेगळं येतं असं कधी वाटलंच नाही. बायोडाटामध्ये मी एमएस-सीआयटी लिहिलं होतं, टायपिंग लिहिलं होतं, ‘संघात काम करण्याची आवड’ असंही लिहिलं होतं. खुणांची भाषा लिहिली नव्हती. चहा करता येतो असं कोणी बायोडाटात लिहितं का?

एका दुपारी अचलपूरचं एक जोडपं गाडी बघायला आलं. मी टेबलावरून पाहत होते. आमचा सेल्समन त्यांना काहीतरी विचारत होता, उत्तर येत नव्हतं, म्हणून तो आवाज चढवत चालला होता. शेवटी तो इतक्या मोठ्यानं बोलायला लागला की मागच्या शेडमधून मेकॅनिक डोकावला. नवऱ्यानं खिशातून कागद काढून दोन शब्द लिहिले. सेल्समननं खाली भलं मोठं उत्तर लिहून दिलं. नवऱ्यानं ते वाचलं आणि बायकोकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. लिहिलेलं मराठी दादालाही असंच कळतं. शब्द कळतात, वाक्य निसटतं.

मी उठून गेले आणि खुणेनं विचारलं, “कोणती पाहिजे? चालवणार कोण?”

बाई दचकली. मग हसली, आणि दोघांचे हात एकदमच सुरू झाले. गाडी ती चालवणार होती. परतवाड्याला एका बेकरीत ती पॅकिंगचं काम करायची आणि रोज ऑटोची वाट बघून कंटाळली होती. सीट किती उंच आहे, पाय टेकतील का, मागून येणारी गाडी नीट दिसावी म्हणून आरसे मोठे बसवून मिळतील का, असं तिनं भराभर विचारलं.

“पण यायले लायसन भेटते का?” सेल्समननं माझ्या कानाशी येऊन विचारलं. त्यांना ऐकू येत नाही हे नुकतंच कळूनही तो कुजबुजत होता.

“भेटते. माझ्या भावाकडे आहे,” मी म्हटलं.

त्या दिवशी शोरूमला कळलं. मॅनेजर साहेब संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, एवढं सगळं येते आणि तुमी इथं विम्याचे कागद लावून राहिल्या?”

मी हसले. एवढं सगळं म्हणजे काय? मी घरी जे बोलते तेच तर बोलले होते.

त्या जोडप्यानं पासिंगसाठी माझा नंबर घेतला होता. तो नंबर फिरला. आधी त्यांच्या ओळखीचे दोघं-तिघं गाडी घ्यायला आले, आणि साहेबांनी माझी खुर्ची विम्याच्या टेबलावरून पुढे, काचेच्या दाराजवळ आणून ठेवली. मग ज्यांना गाडीच घ्यायची नव्हती त्यांचेही व्हिडिओ कॉल यायला लागले. बँकेत खातं अडकलंय, साहेबाशी बोल. मुलाच्या शाळेत पालकांची सभा आहे, चल. डॉक्टर काय म्हणतोय ते सांग, हा बघ, फोन त्याच्यासमोर धरतो. मी जेवणाच्या सुट्टीत फोन घ्यायचे, रविवारी सोबत जायचे. जाताना बरं वाटायचं आणि येताना डोकं जड झालेलं असायचं. एकदा तर दवाखान्यातून परतल्यावर मी भाजीवाल्याला खुणेनं भाव विचारला आणि तो बिचारा मला जोरजोरात उत्तर द्यायला लागला.

हे सगळं मी कशासाठी करत होते, मला सांगता आलं नसतं. नाही म्हणायला जमत नव्हतं हे एक. आणि लोक माझी वाट बघत होते हे दुसरं. विम्याच्या कागदांसाठी माझी अशी वाट कोणी पाहिली नव्हती.

बँकेचं काम झालेल्या एका माणसानं एका रविवारी माझ्या हातात पाकीट कोंबलं. मी नको नको म्हणत घेतलं. घरी येऊन वहिनीला दाखवत होते तेवढ्यात दादा आला आणि त्यानं ते पाहिलं.

आमच्या घरात भांडण झालं तर आवाज होत नाही असं लोकांना वाटतं. खूप होतो. दादा टेबलावर थापा मारतो, पाय आपटतो, समोरच्यानं बघावं म्हणून दिव्याचं बटण चालू-बंद करतो. त्या दिवशी त्यानं सगळं केलं.

“लहानपणी तू माझं बोलणं सगळ्यांना सांगायचीस,” तो म्हणाला. खुणांनी म्हणाला, पण मला ते म्हणालाच वाटतं, म्हणून तसंच लिहिते. “लोक तुझ्याकडे बघायचे. बोलायचो मी, आणि बघायचे तुझ्याकडे. आता त्याचेच पैसे घेतेस?”

“मी मागितले नव्हते.”

“ही माझी भाषा आहे. तुझा धंदा नाही.”

वहिनीनं त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे फिरवलं. “आणि मला डॉक्टरकडे कोण नेणार? तू? दोघं मिळून डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसू?”

“माणसानं जावं सोबत. पैसे कशाला?”

“तू कपाट फुकट करून देतोस का?”

त्यावर दादानं डोळे मिटून घेतले. आमच्याकडे हा शेवट असतो. डोळे मिटले की तुम्ही काहीही बोला, पोचत नाही.

मी मधे उभी. मला दादाचं पटलं होतं आणि वहिनीचंही. त्यांच्यापैकी एकाचं चुकतंय असं ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी गावी फोन लावला. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू त्या शोरूमचं काम नीट कर ना वं. हे हातवारे करून कोणाचं पोट भरते का? उद्या लग्नाचं पाहायचं हाये तुह्या, पोरगी काय करते म्हून इचारलं तर काय सांगू मी?”

बाबांनी फोन घेतला. “देवाच्या नावानं मांगतेत लोकं फुलं, तरी मी पैसे घेतो. घ्यायचे. त्यात लाज कायची?” मग म्हणाले, “पण तुहा दादा नाराज असन तर मंग नको घेऊ.”

म्हणजे तिथूनही काही ठरलं नाही.

त्यानंतर थंडीच्या दिवसांत एक बाई विम्याचं नूतनीकरण करायला शोरूममध्ये आल्या. महिला समुपदेशन केंद्रात त्या काम करत. माझ्याबद्दल त्यांनी सेल्समनकडून ऐकलं. म्हणाल्या, “तिवशाकडची एक बाई आहे आमच्याकडे. ऐकू-बोलू येत नाही. सासरचे म्हणतात ती नांदायला तयार आहे. भाऊ म्हणतो तिला माहेरीच राहायचंय. दोघंही शपथेवर सांगतात. तिला स्वतःला काय पाहिजे, एवढं फक्त विचारून द्याल का?”

मला वाटलं, एवढंच ना. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले.

खोलीत ती बाई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. तिशीची असेल. एका बाजूला तिचा नवरा आणि सासू, दुसऱ्या बाजूला भाऊ. समुपदेशक मॅडम टेबलामागे. मी तिच्यासमोर बसले, नमस्कार केला आणि खुणेनं विचारलं, “तुमचं घर कुठे?”

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. अनोळखी लिपीतल्या बसच्या पाटीकडे आपण पाहतो तसं. मी पुन्हा विचारलं, हळू. ती सासूकडे बघायला लागली.

भाऊ म्हणाला, “ते शाळेत कधी गेलीच नाई ना मॅडम. आमच्या मायशी बोलत होती ते, दोघी हातानंच. माय गेली मागच्या साली.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिची भाषा तिनं आणि तिच्या आईनं घरी बनवली होती, आणि ती बोलणारं दुसरं कोणी आता राहिलं नव्हतं. माझ्या हातांत जे होतं ते दादाच्या शाळेचं होतं. तिच्यासाठी मी तेलुगूत बोलल्यासारखी बोलत होते.

मी हाताशी येईल ते केलं. घराचं छप्पर दाखवलं, नवऱ्याकडे बोट केलं, भावाकडे केलं, प्रश्नार्थक चेहरा केला. ती ऐकल्यासारखं बघत राहिली आणि मग तिनं स्वतः सुरू केलं. डाव्या हातात काहीतरी गोल धरल्यासारखं केलं. उजवा हात त्याच्यावरून फिरवला, वर पीळ दिला, आणि ते बाजूला ठेवलं. पुन्हा गोल, पुन्हा हात फिरवला, पुन्हा पीळ, पुन्हा बाजूला.

“काय म्हणून राहिली?” नवऱ्यानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला वाटलं, लाडू. मग वाटलं, कणकेचा गोळा. मी चुलीची खूण केली, तिनं मान हलवली. तिनं उठून खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे संत्र्यांची गाडी उभी होती.

“संत्रं!” मी म्हटलं, आणि मलाच इतका आनंद झाला की मॅडमनी लगेच शिपायाला पाठवून संत्री आणवली. तिनं एक हातात घेतलं, पण सोललं नाही. माझ्याकडे बघत राहिली, आता तरी समजलं का, अशी.

“तिले आवडतेच संत्रं,” भाऊ म्हणाला. “माह्याकडं झाडं हायेत दहा-पाच. म्हून माह्याकडंच राहाचं म्हणते ते.”

“आमच्या घरी काय खायले कमी हाये का तिले?” सासू उसळली. “पोतं आणून ठेवतो संत्र्याचं!”

दोघं भांडायला लागले. ती संत्रं धरून उभी होती. मला घाम फुटला. मॅडम माझ्याकडे वळल्या आणि मी म्हटलं, “मला समजत नाहीये.”

एवढं म्हणायला फार जड गेलं. पुढचं त्यामानानं सोपं होतं. “माझ्या भावाला बोलावू का?”

“त्यांना बोलता येतं?”

“नाही.”

“ऐकू?”

“नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “बोलवा.”

मी बाहेर येऊन दादाला व्हिडिओ कॉल लावला. पाकिटाच्या भांडणानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तो नाहीच म्हणणार याची मला खात्री होती. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “येतो.” का आला ते मी त्याला पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं खांदे उडवले.

दादा कारखान्यातून तसाच आला, केसांत लाकडाचा भुसा. मला वाटलं तो माझ्यासारखाच प्रश्न विचारायला लागेल. तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि आधी नुसते तिचे हात बघत राहिला. मग त्यानं एक संत्रं उचललं आणि तिनं केलं होतं तसा हात त्यावरून फिरवला. तिला ते पसंत पडलं नाही. तीही खाली बसली. टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र ओढून तिनं त्याचा चौकोनी तुकडा फाडला, संत्रं मधे ठेवून गुंडाळलं, वर पीळ दिला आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं, पहिल्या दोन्हींना चिकटून, ओळीत. तिचे हात इतके भराभर चालले की सासूही गप्प झाली. मग तिनं दोन्ही हातांनी हवेत लांब रुंद चौकट काढली आणि मुठीनं वरून ठोकलं.

दादानं माझ्याकडे मान वळवली. “पेटी,” तो म्हणाला. “पातळ फळ्यांची. खिळे ठोकतात. ही माल भरायची.”

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, “हाव, जायची ना लग्नाच्या आंदी. संत्र्याच्या शेडवर पॅकिंगले. दोन-तीन सीझन गेली असन. पण आता त्याचं काय?”

दादानं तिच्यासाठी हातांनी दोन घरं केली, एक नवऱ्याकडे, एक भावाकडे, आणि झोपायची खूण करून कोणतं असं विचारलं. तिनं दोन्ही घरांवरून हात फिरवला, जणू टेबल पुसलं. आणि ती पुन्हा गुंडाळायला लागली. मधेच थांबून तिनं आपल्या दोन्ही बाजूंना बोटं दाखवत नेली, इथे एक, इथे एक, इथे एक, लांबपर्यंत, आणि शेजारच्या नसलेल्या बाईला कोपरानं ढोसून ती हसली.

“बायका,” दादा म्हणाला. “खूप बायका. मला वाटतं तिला त्या कामावर जायचंय. राहायचं कुठे ते तिच्यासाठी नंतरचं.”

“वाटतं की नक्की?”

“वाटतं.”

मी मॅडमना सांगितलं, “तिला पॅकिंगच्या शेडवर कामाला जायचं आहे, असं आम्हाला वाटतं.” मॅडमनी लिहून घेतलं. ‘वाटतं’ हा शब्द त्यांनी लिहिला की नाही, मला दिसलं नाही.

त्यावर खोलीत बराच गोंधळ झाला. नवरा म्हणाला, बाईमाणसानं शेडवर कायले जावं. भावाला मात्र ते चाललं, कारण शेड त्याच्या गावाजवळ होती. सीझन संपेपर्यंत तिनं भावाकडे राहावं, शेडवर जावं, मग पुन्हा सगळ्यांनी बसावं, असं ठरलं. पुढे मॅडमनी फोनवर सांगितलं की ती जाते कामाला. खुश आहे का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तसं दिसतं तरी.” मी अजूनही कधी कधी विचार करते. समजा तिला वेगळंच काही सांगायचं असेल, आईची आठवण, एखादी मैत्रीण, आणि आम्ही तिला शेडवर पाठवलं असेल तर?

परत येताना मी दादाच्या गाडीवर मागे बसले होते. तो गाडी चालवताना आमचं बोलणं होत नाही. त्यानं राजकमल चौकाच्या अलीकडे चहासाठी गाडी थांबवली.

“तू समजत नाही म्हणालीस ते चांगलं केलंस,” तो म्हणाला. “पण तुझ्या खुणा आपल्या घरच्या आहेत. अर्ध्या शाळेच्या, अर्ध्या तू लहानपणी बनवलेल्या. माझ्याशी चालतात. लोकांसाठी नीट शीक.”

“शिकून काय करू?”

“ते मला काय माहीत? मी सुतार आहे.”

केंद्रानं आम्हा दोघांना मानधनाचं पाकीट दिलं होतं. दादानं त्याचं आधीच खिशात घातलं होतं. मी त्याच्या खिशाकडे बघतेय हे पाहून तो म्हणाला, “काय? अर्धा दिवस बुडाला माझा.”

मला वाटलं आता तो बदलला. तसंही काही नव्हतं. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात मी पाहुण्यांचं बोलणं त्याला सांगायला लागले तर त्यानं डोळे मिटून घेतले आणि खिशातून फोन काढून पाहुण्यांसमोर धरला. बोललेलं फोनवर अक्षरांत उमटत होतं. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. काकांनी “जेवण झालं का” विचारलं आणि फोननं “जीवन झालं का” लिहिलं. दादानं वाचून हो म्हटलं.

त्याच सुमारास मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून अकोल्याच्या नव्या शाखेत सेल्सची प्रमुख म्हणून जायला सांगितलं. पगार वाढणार होता. घर जवळ. मायला फोन केला तर ती रडलीच आनंदानं. आणि वहिनीनं तिच्या फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. बाहेरच्या राज्यातल्या एका संस्थेत दुभाष्यांचा अभ्यासक्रम होता. शिकवणारे स्वतः ऐकू न येणारे. प्रवेशाच्या चाचणीला महिनाभर होता.

मी दोन्हीकडे हो म्हटलं. हे शहाणपण नव्हतं, मला फक्त कुठंच नाही म्हणता येईना.

चाचणीत समोर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी एक गोष्ट खुणांत सांगितली आणि ती मला परत सांगायची होती. निम्मी निसटली. मग त्यांनी विचारलं, “हे का शिकायचं आहे?”

“माझ्या भावासाठी.”

“भावानं सांगितलं?”

“हो. म्हणजे नाही. त्याला आवडत नाही मी हे केलेलं. पण शीक म्हणतो.”

“मग भावासाठी कसं?”

मी हात वर उचलले आणि ते तसेच हवेत राहिले. निवड झाली नाही.

मी अकोल्याला रुजू झाले. गावी राहून रोज बसनं ये-जा करायची. काम मला येत होतं, टार्गेट पुरं व्हायचं, शाखेत मान होता. माय शेजारणींना सांगायची, पोरगी साहेबीण हाये. सकाळी फुलांची पोती गेलेल्या रस्त्यानंच माझी बस जायची आणि मला रोज वाटायचं, ठीक तर आहे सगळं. संध्याकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती शिकवायला लागली की फार कडक व्हायची. “चेहरा! चेहरा कुठे आहे तुझा? प्रश्न आहे हा, भुवया वर घे! तुझे हात बोलतात आणि तोंड बसमध्ये बसल्यासारखं.” मी कंटाळायचे, चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलची वाट बघायचे. यातलं कोणतं खरं मानायचं ते मला कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा चाचणी दिली आणि निवड झाली. त्याच बाई होत्या. या वेळी त्यांनी का, असं विचारलंच नाही. मी उत्तर पाठ करून गेले होते.

नोकरी सोडली तेव्हा साहेब म्हणाले, “दार उघडं आहे, मॅडम.” माय बरेच दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “येवढं शिकून पुन्ना शाळा? आन् तेबी मुक्यायची?” दादा स्टेशनवर सोडायला आला. गाडी सुटताना त्यानं खिडकीतून मला काहीतरी सांगितलं, पण मधे एक माणूस बॅग घेऊन उभा राहिला आणि मला शेवटचं दिसलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, काही नाही, पाण्याची बाटली भरून घे म्हणत होतो.

अभ्यासक्रम पुरा झाला, आणि आता मी दुभाष्याचं काम करते. आठवड्यातले काही दिवस अकोल्याच्या एका कॉलेजात, ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत वर्गात. शिकवणारे बोलतात, मी त्यांच्या शेजारी उभी राहून खुणांत सांगते. अमरावतीहून कधी कोर्टाचं, कधी दवाखान्याचं बोलावणं येतं. काही महिने भरपूर काम असतं, काही महिन्यांत शोरूमची आठवण येते. नात्यातलं कोणी काय करतेस विचारलं तर मी दर वेळी वेगळं उत्तर देते. कॉलेजात आहे म्हणते. शिकवते म्हणते. माय तर अजूनही शोरूमचंच सांगते. काम करताना मात्र हात अडत नाहीत. समजलं नाही तर थांबून पुन्हा विचारते, आणि ते विचारताना आता घाम फुटत नाही.

परवा वर्गात दोन तासांच्या मधे सुट्टी होती. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची मुलगी, तिच्यासाठीच मी तिथं असते, जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसली.

“बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे,” ती म्हणाली. “कॉलेजच्या मॅडम म्हणतात कॉम्प्युटरवर डिझाइन शीक. मैत्रीण म्हणते पुण्याला चल, तिथं हॉटेलात आपल्यासारख्यांना घेतात. तुला काय वाटतं?”

आम्हाला अभ्यासक्रमात शिकवलं होतं, दुभाष्यानं आपलं मत सांगायचं नाही. मी तिला तेच सांगितलं.

“आत्ता तास नाही चालू,” ती म्हणाली. “आत्ता तू दुभाषी नाहीस. आत्ता तू कोण?”

पुण्याला जाऊ नको म्हणावंसं वाटलं, आणि जा म्हणावंसंही वाटलं. बँकेचं बरं असतं, असं मायचंच वाक्य माझ्या हातांत आलं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी टाळतेय का ते तपासत असावी. मग तिनं मान डोलावली, माझ्या ओंजळीत तिच्याकडचे भाजलेले शेंगदाणे ओतले, आणि हात रिकामे नसल्यामुळे आम्ही दोघी काही न बोलता खात बसलो. घंटा झाली. मी उरलेले शेंगदाणे पर्समध्ये टाकले आणि तिला सांगितलं, तास सुरू झाला.